चांद्याचं बाशिंग

बबनराव : …म्हनून म्हनतो बाई, थे टिनाची पाटी मले देऊन टाक. ना तुह्या कामाची, ना भंगारवाल्याच्या.

देवकाबाई : चहा घे आंधी. थंडा होऊन राह्यला.

बबनराव : ड्यूटीवर हावो मी.

देवकाबाई : मंग टोपी काढून ठेव. टोपी खाली असली का तू माह्या माहेरचा बबन, अन् डोक्स्यावर असली का फौजदाराचा जमादार. जमादाराले माह्या घरी चहा भेटत नाई.

बबनराव : घे, काढली. आता तं ऐकशीन?

देवकाबाई : ऐकूनच राह्यली. तुहं म्हननं, पाटी खोटी हाय.

बबनराव : माहं नाई म्हननं. सरकारचं म्हननं. कोर्टात लेखी गेलं हाय आमचं : सदर नंबरपाटी बनावट असून सदर जीपशी तिचा काहीएक संबंध नाही.

देवकाबाई : खोटी हाय तं न्याले काऊन आला?

बबनराव : आता… खोटी चीज लोकाच्या घरी कायले राहू द्याची? खोटी नोट सापडली तं आमी राहू देतो का कोनापाशी?

कोकिळा : पण नोट छापणाऱ्यालाही धरता ना, मामा? मग धरा आईला. तिनं पत्रा कापला, काळा रंग दिला, वर नंबर काढला आणि बाबांच्या बंडीच्या चाकात नेऊन खोचला. बाबा रस्त्यावर पडलेले असताना. फार हुशार आहे माझी आई.

बबनराव : अवो, कोकी! तू कवा आली वर्ध्याहून?

कोकिळा : सकाळच्या एसटीनं. पोळ्याला येतेच मी. तिकडं सासरी पिपरीत आता बैलांपेक्षा प्लॉट जास्त झालेत.

बबनराव : जवाई बरे हायेत? अन् तुहं थे टायपिंग सुरूच हाय नं, कृष्णकांत वकिलाकडं?

कोकिळा : सुरू आहे. तुमच्या लेखी उत्तराच्या नकला मीच केल्या. माझ्या बापाचं मरण मीच टाइप केलं मामा, खाली कार्बन लावून. ‘मयत लक्ष्मणराव याने आपली बैलबंडी कंदील न लावता रस्त्याच्या मधोमध हाकली.’ कंदील! बुधवारच्या बाजारात, जेठाच्या उन्हात, भर दुपारी!

बबनराव : बंडीले कंदील पायजे, असा नियम हाय.

देवकाबाई : अन् वरतं सूर्य होता, थो?

बबनराव : सूर्य पंचनाम्यात घेता येत नाई, बाई. त्याची सही कुठून आनाव?

कोकिळा : आणि पुढं ऐक आई, पाठ झालंय मला. ‘पळून जाणाऱ्या संशयित मोटारीने बंडीस धडक दिली. त्या वेळी पोलीस जीप नाल्याच्या पुलावर उभी होती.’ पूल गावाबाहेर. बाजार गावात. मग जीपची पाटी बाजारातल्या बंडीच्या चाकापर्यंत चालत आली का?

बबनराव : म्हनून तं खोटी हाय म्हनलं.

देवकाबाई : साखर पुरली का?

बबनराव : पुरली. बाई, मी काही खाली हातानं नाई आलो. सायबाले तुही फिकर हाय. म्हने, त्या बाईचा एक बैल गेला, दुसरा एकटा पडला. तं कोंडवाड्यात एक खोंड हाय, कोनी न्याले आलं नाई, थो देऊन टाकू. पाटी इकडं, खोंड तिकडं.

देवकाबाई : बैलाच्या बदल्यात बैल.

बबनराव : हो नं. चांगला दाती हाय. खांद्याले कोरा.

देवकाबाई : अन् मालकाच्या बदल्यात? लॉकअपात हाय का कोनी बेवारशी मानूस, खांद्याले कोरा?

बबनराव : तुह्या जिभेले आजबी पुरन लागलं नाई वाट्टे.

देवकाबाई : औंदा पुरन नाई घातलं. एका बैलाच्या पोळ्याले गूळ-पोळी पुरते.

कोकिळा : मामा, एक साधं विचारते. वकीलसाहेबांनी कोर्टात विचारलं होतं, सरकारी वकिलांना सांगता आलं नाही. मोटारीचा पाठलाग करायचा तर जीप किती जोरात न्यायची, ह्याचा तुमच्याकडं काही नियम आहे का?

बबनराव : हाय नं.

कोकिळा : काय?

बबनराव : चोरापेक्षा जोरात.

कोकिळा : बस?

बबनराव : अजून काय पायजे? थो साठनं पळाला तं आमी सत्तरनं. थो सत्तरनं, तं आमी ॲक्सिलेटर फाटेलोक.

कोकिळा : म्हणजे सरकारी जीपचा वेग चोर ठरवतो.

बबनराव : वर्दीतल्या मान्साले असं बोलता येत नाई. पन हो.

कोकिळा : आणि समोर बाजार भरला असेल तर? शाळा सुटली असेल तर? थांबायचं कधी, सोडून कधी द्यायचं?

बबनराव : सोडून द्याचा नियम नाई, बाप्पा. सोडलं तं वरून शिव्या खा. दारू बंद होऊन इतके वर्ष झाले जिल्ह्यात. नदीच्या पल्याड दुकानाच्या लायनी, अल्याड आमी. थ्या बुधवारच्या आंधल्याच हप्त्यात दारूची एक गाडी सुटलती, तं वरच्या सायबानं आमच्या सायबाले असं झाडलं का सायबानं जेवन सोडलं. मंग थ्या बुधवारी पांढरी मोटार नाक्यावर हात दाखवून थांबली नाई. सायब म्हने, आज हे तं जाऊच देत नाई.

देवकाबाई : काय निघालं थ्या मोटारीत?

बबनराव : जुनी गोष्ट हाय, बाई.

देवकाबाई : जेठातली हाय. सांग.

बबनराव : केळं.

देवकाबाई : मोठ्यानं सांग. घरात भिताडंबी हायेत.

बबनराव : केळं निघाले! सेलूचे. टपावर घड, सीटवर घड, डिक्कीत घड. पोट्ट्यापाशी लायसन नोयतं, म्हनून पळत होता.

देवकाबाई : केळासाठी मेला माहा मालक. दारूसाठी मेला असता तं लोकाले सांगाले तरी बरं वाटलं असतं.

कोकिळा : आई…

देवकाबाई : काय आई? मी तिथंच होती. वांग्याचा ढीग लावून बसलती. भोंगा ऐकू आला. लोक म्हनत, सरा, सरा. मानूस सरते, पोट्टे सरते, कुत्रं सरते. जुपलेली बंडी कशी सरन? बैलाले भोंग्याची भाषा कोनी शिकवली? पुढून मोटार गेली, बंडीले घासलीबी नाई. मागून हे आले. माहा खैऱ्या बैल तिथंच पडला. मालक चाकाखाली. अन् जीप… सांग बबन. जीप थांबली का?

बबनराव : नाई.

देवकाबाई : केळं सुटतीन म्हनून नाई थांबली. दुसऱ्याची बंडी मांगून, चादर बांधून नेला त्याले सेवाग्रामले. डॉक्टर म्हने, घंटाभर आंधी आनला असता तं हाती लागला असता. घंटाभर आंधी माह्यासमोरून सरकारी जीप गेली, रिकाम्या सीटा घेऊन.

बबनराव : मी मागं पाह्यलं, बाई. देवाशप्पथ पाह्यलं.

देवकाबाई : पाह्यलं असन. पुलावरून लय दूरचं दिसते तुले.

कोकिळा : आता सरकारी वकील काय म्हणतात, तेही ऐका मामा. गुन्हेगाराचा पाठलाग म्हणजे राज्यकारभाराचं काम. राजा आपलं काम करत असताना कुणी मधे आलं, तर राजा भरपाई देत नाही.

देवकाबाई : राजा कोन?

कोकिळा : सरकार.

देवकाबाई : जीप सरकार चालवत होतं का?

कोकिळा : कागदावर कवडू ड्रायव्हर चालवत होता. सावकाश. आणि मग पुलावर थांबला.

देवकाबाई : बबन, टोपी अजून खालीच हाय तुही. कोन चालवत होतं?

बबनराव : नोको विचारू.

देवकाबाई : माहेरच्या मारोतीची आन हाय तुले.

बबनराव : आन कायले घालतं? सायब. नाक्यावरून निघालो तं कवडूले म्हने, तू जीप चालवून राह्यला का वखर? सरक. अन् स्वतः बसले. कवडू आला मागं, माह्यापाशी. मी म्हनलं, सायब, आज बुधवार हाय, बाजार हाय. तं म्हने, सुटला तं तुह्या पट्ट्या काढीन. हे मी भाऊ म्हनून सांगतलं. कोर्टात बलावलं तं मी पुलावर होतो.

देवकाबाई : मालूम हाय. साऱ्या गावानं पाह्यलं, अन् सारं गाव पुलावर होतं. ज्याच्या त्याच्या घरामागं मोहाच्या दारूचा माठ पुरला हाय. साक्ष देली का माठ फुटते. फौजदाराले गावाचे माठ मालूम, गावाले फौजदाराची जीप मालूम. दोघंबी एकमेकाले झाकून राह्यले, अन् उघडा पडला थो एकटा माहा मालक.

बबनराव : म्हनून म्हनतो, देऊन टाक. सायबाची बदली झाली, वरच्या जागेवर. सामान बांधून झालं, परवा ट्रक येते. थे त्यायच्या वाटेनं जातीन, तू तुह्या. कोकीचा दावा चालते तसा चालन. सरकार काय देईन थे देईन.

देवकाबाई : सरकार देईन म्हंजे आपल्याच शेतसाऱ्यातून देईन. माह्या मालकाची भरपाई मीच भरू. अन् यानं काय भरलं? मालक वर गेला, हा बी वर गेला.

कोकिळा : आई, म्हणूनच पाटी जपायची. पुढच्या तारखेला कोर्टापुढं ठेवायची आहे. तेवढी एक वस्तू आहे आपल्याकडं. ती आहे तोवर दावा आहे.

देवकाबाई : तुह्या कोर्टाले कोनी भोंगा लावून देला पायजे. कवाची तारीख, थे पुढच्या तारखेले समजते. तवापरेंत हा कुठच्या कुठं. मले दावा नोको, कोकी. मले त्याचं तोंड पायजे.

बबनराव : तोंड घेऊन का करशीन?

देवकाबाई : पाहीन. तेरवीले आला नाई. रस्त्यात समोर आली तं गल्ली बदलते. एक डाव सारं गाव उभं असताना त्यानं माह्यासमोर उभं राह्याव अन् मी पाहाव. आज पोळा हाय.

बबनराव : पोळ्याचा अन् सायबाचा का संबंध?

देवकाबाई : डोमाजी गड्या! चांद्या बैलाले आन बरं इकडं, जमादाराले दाखव. हां. पाह्य बबन, कसा दिसते?

बबनराव : अवो… अवो बाई! हे का केलं?

देवकाबाई : बाशिंग बांधलं.

बबनराव : पाटी? बैलाच्या कपाळावर?

देवकाबाई : दोन भोकं होतेच तिले. दोरी ओवली का शिंगाले बरोब्बर. जसे पोळ्यासाठीच पाडले. झूल नाई काढली औंदा. एकट्याले झूल शोभत नाई. पन बाशिंग सरकारी हाय.

कोकिळा : आई, काय चाललंय तुझं? ती पुराव्याची वस्तू आहे! सकाळी कोठीत होती, मी स्वतः पाहिली. रस्त्यात कुणी ओढून घेतली तर? मामांना तर तसा हुकूमच असेल.

बबनराव : हाय. नाई देली तं घेऊनच ये म्हने.

देवकाबाई : घे मंग. चांद्या मारत नाई. बाहीर साऱ्याचे बैल सजून उभे हायेत, डफडं वाजून राह्यलं. सजवल्या बैलाच्या कपाळचं बाशिंग पोळ्याच्या दिवशी कोन काढते, थे पाहू दे लोकाले.

बबनराव : आज नाई लावता येत हात. तुलेबी मालूम हाय. आज काठी नाई, शिवी नाई, जू नाई. माह्या बापानंबी नाई लावला.

कोकिळा : म्हणजे आजचा दिवस ती पाटी तिथं…

देवकाबाई : कोठीतबी इतकी सुखरूप नोयती.

बबनराव : बरं, ने. तोरनाखालून ने, मारोतीले फिरव, दाखव कोनाले दाखवाची थे. सायब काही क्वार्टराबाहीर येनार नाई. मंग?

देवकाबाई : तोरन सुटल्यावर बैल कुठं जाते?

बबनराव : घरोघर. बोजारा मांगाले, पोळ्याचा पैसा-धेला.

देवकाबाई : घरोघर. पाटलाच्या, मास्तरच्या, पोस्टातल्या बाबूच्या. अन् ठान्यामागं जे क्वार्टर हाय, तिथं का घुबडं राह्यते?

बबनराव : नाई. बाई, तिथं नोको.

देवकाबाई : दारी आलेल्या बैलाचे पाय धुवाव लागते. कपाळाले टिळा लावाव लागते. अन् बोजारा देते घरधनी, आपल्या हातानं, बैलाच्या पुढं उभं राहून. ज्या पाटीनं माहा मालक नेला, तिले त्याच्या घरानं ओवाळलं पायजे. मंग जाऊ दे त्याले वरच्या जागेवर.

कोकिळा : आई, पण ओवाळणार फौजदारीणबाई. त्यांचा काय दोष?

बबनराव : थेच म्हनतो मी. यशोदाबाई लय सज्जन बाई हाय, नाशिककडची. तिले काहीच मालूम नाई. सायबानं घरी सांगतलं, मोटारवाल्यानं उडवलं.

देवकाबाई : माहा काय दोष होता? चांद्याचा काय दोष होता? पेरनीच्या तोंडावर जोड मोडली, तं दुसऱ्याच्या हातापाया पडून बैल मांगला, मंग तिफन चालली. तवा कोनी म्हनलं का, देवकाबाईचा काय दोष? नाशिकच्या बाईच्या दोषाचं मले नोका सांगू. टोपी घाल बबन.

बबनराव : काऊन? मी नाई येत.

देवकाबाई : येशीन. पाटी घेऊन ये म्हनलं नं तुले सायबानं? चाल मंग, घेऊनच चाललो आपन. बैलाच्या पुढं रायजो. जमादार पुढं असला तं कोनी म्हनार नाई का बाईनं चोरून आनली.

(ठाण्यामागचं क्वार्टर. तोरण सुटलं आहे. ओसरीवर बांधून ठेवलेलं सामान. चांद्यामागून निम्मं गाव आलं आहे.)

यशोदाबाई : या, या! अगदी दारापर्यंत आणा. हे म्हणत होते, पोलिसाच्या दारी बैल कोण आणतो? तरी मी ताट करून ठेवलंच होतं. जाता जाता एक पोळा तरी घडावा. जमादार, तुम्ही पुढं कसे?

बबनराव : बंदोबस्त, बाईसाहेब.

यशोदाबाई : बैलाला? बरं. आधी पाय ना? पुढचे दोनच की चारही?

देवकाबाई : चारही.

यशोदाबाई : किती शांत उभा आहे हो. आमच्याकडचे बैल पाणी लागलं की पाय झाडतात. झाले. आता गंध. हे कपाळावर काय, पत्रा आहे?

देवकाबाई : बाशिंग. त्याच्यावरच लावा.

यशोदाबाई : लावते. आणि थांबा, तुम्हालाही लावते. दारी आलेल्या बाईला तसंच कसं…

देवकाबाई : मले नाई लागत. जेठापासून.

यशोदाबाई : चुकलं माझं. मी पाहिलंच नाही हो.

देवकाबाई : तुमी नाई पाह्यलं. लावा बैलाले.

यशोदाबाई : हो. अगं बाई! ह्याला तर आधीच लावलेलं आहे. पाच बोटं. तेलातला शेंदूर. जमादार, ही आपल्या जीपची पाटी!

बबनराव : बाईसाहेब, तशा दिसनाऱ्या पाट्या लय असते…

यशोदाबाई : दिसणाऱ्या कशाला? दसऱ्याला जीपची पूजा मी केली नव्हती का? हे कुंकू लावू देईनात, ओघळतं म्हणाले, सरकारी गाडी घाण दिसते. म्हणून मारुतीच्या देवळातला शेंदूर आणवला. ही बघा माझी करंगळी. लहानपणी जात्यात सापडली, तेव्हापासून अशी वाकडी. आणि हे बघा पाटीवर : चार सरळ, एक वाकडं. गिरडला दर्ग्यावर गेलो होतो जीपनं, तेव्हा कवडूनं रॉकेल लावून घासलं तरी गेलं नाही. पाटी चोरीला गेली म्हणाले होते हे. तुम्हाला कुठं मिळाली?

कोकिळा : बाई, तेवढं पुन्हा सांगाल? जरा मोठ्यानं. ही पाटी तुमच्या जीपचीच?

यशोदाबाई : आमची कसली, सरकारची. पण हो, तीच. का हो?

कोकिळा : काही नाही. आमच्या गावाचे डोळे जेठात गेले होते. कान आहेत का, पाहत होते.

देवकाबाई : बंडीच्या चाकात अटकलती. आऱ्यात.

यशोदाबाई : कुणाच्या बंडीच्या?

देवकाबाई : माह्या मालकाच्या.

यशोदाबाई : पण जीप तर पुलावर… त्या मोटारीनं ना… जमादार, तुम्ही होतात ना जीपमध्ये?

बबनराव : बाईसाहेब, मी वर्दीत हावो.

यशोदाबाई : मग वर्दीत सांगा. कुणी धडक दिली?

बबनराव : थ्या पाटीले विचारा. मी मागं बसलो होतो. थे पुढं होती.

यशोदाबाई : ह्याच्या जोडीचा बैल कुठं आहे?

देवकाबाई : थोबी त्याच बंडीले होता.

यशोदाबाई : अहो! ऐकलंत का? बाहेर या जरा. अहो! …म्हणताहेत, घरी नाहीत म्हणून सांग.

देवकाबाई : ऐकलं आमी.

यशोदाबाई : मीही पहिल्यांदाच नीट ऐकलं.

देवकाबाई : बाई, तुमचं काम झालं. पाय धुतले, टिळा लावला. मले वाटलंतं, तुमच्या हातानं लागलं का माह्या जिवाले थंडक भेटन. घरून थेच ठरवून आलती. नाई भेटली. जा तुमी घरात. तुमच्याशी माहं भांडन नाई. फक्त बोजारा राह्यला.

यशोदाबाई : तो मी देऊ का?

देवकाबाई : नाई. बोजारा घरधन्याच्या हातचा.

यशोदाबाई : आणि घरधनी घरी नसला तर?

देवकाबाई : तं वाट पाह्याची. बिनबोजाऱ्याचा बैल दारातून वापस नेत नाई.

बबनराव : बाईसाहेब, सायब मले खातीन. अवो, परवा ट्रक याचा हाय.

यशोदाबाई : ट्रक ह्याच फाटकातून येणार ना? दारात बैल उभा आहे म्हणावं. तुम्ही हटवणार का त्याला, जमादार?

बबनराव : आज पोळा हाय. आज नाई हटवता येत.

यशोदाबाई : आणि उद्या?

बबनराव : उद्या तान्हा पोळा, लेकराच्या लाकडी बैलाचा. उद्याबी नाई.

यशोदाबाई : मग झालं तर. किती वेळ उभा राहील हा?

देवकाबाई : वखराचा बैल हाय. उभं राह्यची सवय हाय त्याले.

यशोदाबाई : मी पाणी आणते त्याला. आणि तुम्ही अशा उभ्या किती वेळ राहणार? सतरंज्या सगळ्या सामानात बांधून टाकल्यात. थांबा, एक गाठोडं सोडते.

देवकाबाई : सोड सावकाश. आमाले घाई नाई, माय. घाई त्यायले होती.